धारावीचं निसर्ग उद्यान : झाडांआधी आणि कचऱ्याआधी तिथे काय होतं?

शीवकर (धागाकर्ता)

महाराष्ट्र निसर्ग उद्यानाबद्दल जिथे जिथे वाचायला मिळतं तिथे एकच गोष्ट सांगतात. इथे कचरा टाकायचे, मग झाडं लावली, आता जंगल झालं. गोष्ट खरी आहे, पण ती मधूनच सुरू होते. कचरा टाकायला शहराला नेमकी हीच जागा का सापडली, हे त्यात येत नाही. मला त्या आधीच्या भागाबद्दल लिहायचं आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : उद्यान ३७ एकरांचं आहे. धारावी डेपोसमोर, एका बाजूला शीव-वांद्रे लिंक रोड आणि दुसऱ्या बाजूला मिठी नदी. पलीकडच्या काठावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. मिठी इथे नुसती नदी नसते, माहीमची खाडी तिच्यात शिरलेली असते. भरतीचं पाणी उद्यानाच्या कडेच्या तिवरांपर्यंत, म्हणजे खारफुटीच्या झाडांपर्यंत, चढतं आणि ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो.

तीनशे वर्षांपूर्वी ही खाडी सरहद्द होती. अलीकडे इंग्रजांचं मुंबई बेट, पलीकडे पोर्तुगीजांचं साष्टी बेट. म्हणून तर खाडीच्या दक्षिण काठाने किल्ल्यांची रांग आहे : माहीमचा, शीवचा आणि या दोघांच्या मधे धारावीचा रिवा किल्ला, ज्याला सगळे काळा किल्लाच म्हणतात. त्यावरच्या शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमाने १७३७ साली बांधल्याचं लिहिलं आहे. या सालाकडे नीट बघा. त्याच वर्षी मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली, दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. म्हणजे खाडीपलीकडचा शेजारी बदलत असतानाच हा किल्ला उभा राहिला.

पाण्यावर नजर ठेवायला बांधलेल्या या किल्ल्यापाशी आज गेलात तर पाणी दिसतच नाही. चारी बाजूंनी घरं आहेत आणि नदी पार लांब, रस्त्याच्या आणि उद्यानाच्या पलीकडे. गेल्या तीनशे वर्षांत इथला काठ किती सरकला याचा यापेक्षा चांगला पुरावा मला दुसरा सापडलेला नाही.

१७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. सरहद्द संपली. मग जी खाडी संरक्षणाला हवी होती तीच अडचण वाटायला लागली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात शीवकडून साष्टीला जोडणारा बांध झाला. १८४५ मध्ये माहीम ते वांद्रे बांध खुला झाला. त्यासाठी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले होते, आणि तेही लोकांकडून कर घ्यायचा नाही या अटीवर. त्यांच्याच नावाचा तो लेडी जमशेटजी रोड. १८५३ मध्ये ठाण्याची रेल्वे शीवच्या दलदलीतून गेली, १८६० च्या दशकात दुसरी रेल्वे माहीमच्या खाडीवरून आली. आणि १८६० मध्येच वर, मिठीच्या डोक्याशी, शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी विहार तलाव बांधून पूर्ण झाला.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. वरून येणारं पाणी धरणाने अडवलं. खालून येणारी भरती बांधांनी आणि पुलांच्या कमानींनी आवळली. मधल्या भागात पाण्याचा जोर कमी झाला की गाळ बसतो, हा खाडीचा साधा नियम. शंभर-सव्वाशे वर्षं गाळ बसत राहिला आणि जिथे होड्या चालायच्या तिथे ना धड पाणी ना धड जमीन अशी दलदल झाली.

दलदलीला शहराच्या हिशेबात किंमत नव्हती. म्हणून शहराला जे जे जवळ नको होतं ते इथे आलं. वांद्र्याला कत्तलखाना होता, त्याच्या आसऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातडी कमावण्याचे कारखाने धारावीत आले आणि त्यांच्याबरोबर तामिळनाडूतले कारागीर. सौराष्ट्रातले कुंभार शहराच्या आतल्या वस्तीतून उठवले गेले, ते इथे आले. आणि काठावर राहिलेल्या मोकळ्या चिखलात शहराने आपला कचरा ओतला.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कचरा टाकणं थांबलं. इथे निसर्ग उद्यान करावं ही कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफच्या भारतातल्या संस्थेची, जमीन एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. १९८३ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अलींच्या हातून पहिली झाडं लागली, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. १९८७ मध्ये ते गेले. उद्यान लोकांसाठी उघडलं ते १९९४ मध्ये, २२ एप्रिलला, वसुंधरा दिनी. या झाडांची सावली त्यांना मिळणार नव्हती हे त्यांना नक्कीच कळत असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे : हे उद्यान म्हणजे वाचवलेला निसर्ग नव्हे. खाडी आवळली, तिचा चिखल झाला, चिखलावर कचरा आला, कचऱ्यावर माती आली आणि त्या मातीत माणसांनी जंगल उभं केलं. त्यामुळे मला त्याचं मोल कमी वाटत नाही, जास्तच वाटतं. पण ही जमीन मुळात पाण्याची आहे, हे विसरून तिच्याबद्दल कुठलाही निर्णय घेतला तर तो चुकणार.

धारावी, शीव, माहीम, कुर्ला इथल्या लोकांनी आपल्याला ठाऊक असलेलं जरूर लिहा.


प्रतिसाद : रानजाई

काय सुंदर धागा! वाचनखूण साठवली. आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा बाईंनी सांगितलं होतं की मुलांनो, तुम्ही कचऱ्यावर उभे आहात. कुणाचा विश्वास बसला नव्हता. आता मुलीला घेऊन फुलपाखरं बघायला जाते. पावसाळा संपता संपता गेलात तर बघतच राहाल. इमारतीच्या छतावरचं पावसाचं पाणी तळ्यात साठवतात आणि तेच झाडांना देतात, हे तिला फार आवडलं होतं. किल्ल्याबद्दल मात्र पहिल्यांदाच वाचते आहे.


प्रतिसाद : पागवाला

मी धारावी कोळीवाड्यातला. शीवकर, तुम्ही खाडीपासून सुरुवात केलीत याचा आनंद झाला. नाहीतर धारावी म्हटलं की लोकांची गोष्ट झोपडपट्टीपासून सुरू होते, जणू त्याआधी इथे कुणी राहतच नव्हतं. १९०९ च्या मुंबई गॅझेटियरमध्ये मुंबईतल्या मोठ्या कोळीवाड्यांची नावं आहेत, त्यात माझगाव, वरळी, परळ, शीव यांच्या जोडीला धारावी आहे.

आमचा आजा या खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायचा. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. बोयटं मिळायची, कोलंबी मिळायची, चिंबोऱ्या तर तिवरांच्या मुळांत हात घालून काढायच्या. नशीब असेल त्या दिवशी जिताडा. ओहोटीला चिखलात निवट्या उड्या मारायच्या, त्या पकडायला पोरं धावायची. उधाणाच्या भरतीला पाणी कुठवर येणार आणि भांगेच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत कुठवर, हे आमच्या घरातल्या बायकांना पंचांग न बघता कळायचं, कारण त्यावर चूल अवलंबून होती.

मग आधी कातड्याच्या कारखान्यांचं पाणी आलं, मग वरच्या कारखान्यांचं, मग सगळ्या उपनगराचं सांडपाणी. मासळीला रॉकेलचा वास यायला लागला की गिऱ्हाईक बाजारात टोपलीला हात लावत नाही. आमच्या लोकांनी एकेक करून होड्या विकल्या, कुणी गिरणीत गेलं, कुणी गोदीत. खाडी बुजली तेव्हा आम्हाला कुणी विचारायला आलं नाही, कारण कागदावर ती कुणाचीच नव्हती.

उद्यानाला माझा विरोध नाही. झाडं चांगलीच आहेत. पण तिथल्या फलकावर कचऱ्याची गोष्ट आहे तशी आमच्या खाडीचीही असावी असं मनापासून वाटतं.


प्रतिसाद : शीवकर

पागवाला, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. भांगेची भरती आणि चूल यांचं नातं कुठल्याही नकाशात सापडणार नाही. आजोबांकडून खाडीतल्या जागांची नावं ऐकली असतील तर तीही लिहा ना. खडक, वळणं, उतार, काहीही.


प्रतिसाद : मातीपरीक्षा

माझं काम जमिनीशी संबंधित आहे म्हणून कचऱ्याच्या थराबद्दल थोडं लिहितो. लोकांना वाटतं की कचरा कुजतो, खत होतं, मग झाडं जोमात येतात. घरच्या खड्ड्यात ओला कचरा कुजवला तर तसं होतं. शहराच्या भरावाचं तसं नसतं.

वर नवा कचरा पडत गेला की खालच्या थराला हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजताना मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि ते वर सरकताना मातीतला प्राणवायू ढकलून देतात. झाडाच्या मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतोच. म्हणून भरावावर लावलेली रोपं पहिल्या एक-दोन वर्षांत टवटवीत दिसतात आणि मूळ खालच्या थराला टेकलं की माना टाकतात. दुसरं म्हणजे कचरा दबत जातो, जमीन असमान खचते, पाणी कुठेतरी साठतं. तिसरं, कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी. आणि इथे चौथं संकट आहे ते खाडीच्या खारेपणाचं.

यावर उपाय म्हणजे वर चांगल्या मातीचा थर द्यायचा, आधी काटक आणि उथळ मुळांची झाडं लावायची, त्यांचा पाला पडू द्यायचा आणि तो झाडून न्यायचा नाही. पाला कुजून वरून नवी माती तयार होते. त्यात गांडुळं येतात, बुरशी येते, मग नाजूक जातींना जागा होते. हे काम दहा-वीस वर्षांचं असतं आणि ते घाईने होत नाही. १९८३ ते १९९४ हा मधला काळ अनेकांना सरकारी दिरंगाई वाटेल. मला त्यात झाडांना मिळालेला वेळ दिसतो.

पुढच्या वेळी गेलात तर पायवाटेच्या कडेला बसून पाला हाताने बाजूला करा. वर सुकी पानं, त्याखाली ओलसर, जाळीदार झालेली, त्याखाली चहाच्या चोथ्यासारखी भुसभुशीत काळी माती. ही माती बाहेरून ट्रकने आलेली नाही, झाडांनीच ती तिथल्या तिथे तयार केली आहे. मला या उद्यानातली सर्वात मौल्यवान गोष्ट तीच वाटते.


प्रतिसाद : नव्वद_फुटी_रोड

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण एक बाजू राहते आहे.

मी धारावीत वाढलो. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला थांबावं लागतं. पोरांना क्रिकेट खेळायला जागा नाही, म्हाताऱ्यांना बसायला जागा नाही. आणि रस्त्यापलीकडे ३७ एकर हिरवळ, कुंपणाच्या आत. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी ते आतून पाहिलंय? फार थोड्यांनी. तिथे बसेस येतात त्या शहरातल्या मोठ्या शाळांच्या. पक्षी बघायला दुर्बिणी घेऊन लोक लांबून येतात. त्यांनी यावंच. पण शेजाऱ्याला ती जागा आपली वाटत नसेल तर उद्या तिच्यावर गदा आली तेव्हा तिच्यासाठी उभं कोण राहणार?

निसर्ग शिक्षण वगैरे ठीक आहे, आमच्या बायाबापड्यांना संध्याकाळी तासभर मोकळा श्वास घेता आला तर तेही शिक्षणच आहे.


प्रतिसाद : रानजाई

दादा, तुमचं पटतं. पण ते मैदान नाही ना, जंगल आहे. रोज हजारो लोक आले, खेळले, तर मातीपरीक्षा यांनी सांगितलेला तो पाल्याचा थर राहील का? मैदानाची गरज आहेच, पण ती या जागेने भागवायची म्हटली तर दोन्ही हातचं जाईल.


प्रतिसाद : नव्वद_फुटी_रोड

ताई, मी खेळायला मागत नाहीये. आपल्या वस्तीतल्या पोरांना तिथे आणून झाडं, पाखरं दाखवावीत, वस्तीतलीच दोन-चार पोरं वाटाडे म्हणून तयार व्हावीत, एवढं तरी नियमाने व्हावं. बाहेरच्या शाळा येतात तशा महापालिकेच्या आमच्या शाळांनाही वर्षातून दोनदा बोलावणं असावं. आणि मैदानाची गरज वेगळी आहे असं म्हणून ती कुठेच भागत नाही हा आमचा अनुभव आहे.


प्रतिसाद : शीवकर

नव्वद_फुटी, तुमचा मुद्दा मला या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. उद्यानाचं जंगलपण आणि शेजाऱ्यांचा हक्क यांत भांडण असायलाच हवं असं नाही. ठरावीक पायवाटा, ठरावीक वेळ, वस्तीतले वाटाडे, हे जंगल न मोडता करता येतं. कुंपणाआड ठेवून जागा टिकवण्याचा एक काळ होता, तेव्हा भराव आणि अतिक्रमणाची भीती खरी होती. आता शेजारी सोबत नसतील तर कुंपणाचा उपयोग नाही.


प्रतिसाद : नकाशेवेडा

पलीकडच्या काठाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण उद्यानाची गोष्ट त्याच्याशिवाय अर्धीच आहे.

एमएमआरडीए स्थापन झालं १९७५ मध्ये. १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या ३७० हेक्टर जागेसाठी त्याला विशेष नियोजन प्राधिकरण केलं. ही ३७० हेक्टर म्हणजे मिठी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या दोन्ही अंगांची सखल, दलदलीची जमीन. दक्षिण मुंबईत कार्यालयांची गर्दी वाढत होती, ती इकडे वळवायची हा हेतू. म्हणजे एकाच दशकात, एकाच खाडीच्या एका काठावर जंगल लावायचं ठरलं आणि दुसऱ्या काठावर भराव घालून कार्यालयं उभी करायची ठरली. दोन्ही कामांत प्राधिकरण तेच होतं.

याचा हिशेब २६ जुलै २००५ ला समोर आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास. इतका पाऊस कुठल्याही नदीला झेपणार नव्हता हे मान्य. पण मिठीची अवस्था काय होती? जेमतेम अठरा किलोमीटर लांबीची नदी, वाटेत विमानतळाने तिला काटकोनात वळवलेलं, काठावर वस्त्या, गोदामं, भंगाराची कोठारं, आणि मुखाशी दोन्हीकडून भराव. वरून लोंढा आणि खालून भरती अशा कात्रीत पाणी सापडलं की ते आपली जुनी जागा शोधतं. कुर्ला, कलिना, धारावीचा सखल भाग, वांद्रे-कुर्ला संकुल, जिथे जिथे पाणी चढलं त्यातला मोठा भाग जुन्या नकाशांवर खाडी, खाजण किंवा मिठागर म्हणून दाखवलेला आहे.

पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, मिठीसाठी वेगळं प्राधिकरण झालं, नदी रुंद आणि खोल करण्याची कामं निघाली, काठाला भिंती बांधल्या. या भिंतींबद्दल माझं मत चांगलं नाही. पुराचं पाणी पसरायला मोकळी जागा लागते, भिंत त्याला ती देत नाही, फक्त पुढच्याकडे ढकलते. आणि भिंतीच्या बुडाशी तिवर रुजत नाही.

म्हणून मी या ३७ एकरांकडे उद्यान म्हणून कमी आणि नदीचा मोकळा राहिलेला खांदा म्हणून जास्त बघतो. माहीमच्या पुलापासून वर येताना दोन्ही काठांना मोकळी, झाडांची जमीन किती उरली आहे ते उपग्रहाच्या चित्रात बघा. शोधायला फार वेळ लागणार नाही, कारण हिरवा रंग फार थोड्या ठिकाणी आहे.


प्रतिसाद : मातीपरीक्षा

नकाशेवेडा, भिंतीबद्दल सहमत. तिवराबद्दल एक गोष्ट जोडतो. उद्यानाच्या नदीकडच्या कडेला तिवर आहे, तो इतक्या घाण पाण्यातही तग धरून आहे. त्याची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी उभी वर आलेली दिसतात, ओहोटीला त्यांतून हवा खाली जाते. उन्हाळ्यात तिवराचं जाड पान उलटसुलट करून बघा. वरच्या अंगाला मिठाचे बारीक कण चमकतात, बोटाला लागतात. खाऱ्या पाण्यात राहून मीठ पानावाटे बाहेर टाकायची त्याची ही सोय. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र त्याला बाहेर टाकता येत नाहीत. त्या मुळांना गुंडाळल्या की मूळ गुदमरतं. तिवराचा खरा शत्रू आज प्लास्टिक आहे.


प्रतिसाद : कायद्याचंबोला

एक प्रश्न सगळ्यांच्या मनात असेल तो मीच विचारून मीच उत्तर द्यायचा प्रयत्न करते. धारावी पुनर्विकासात हे उद्यान जाणार का?

पुनर्विकासासाठी जी हद्द अधिसूचित झाली त्यात हे उद्यानही येतं, म्हणून लोकांना धास्ती वाटली आणि पर्यावरणासाठी काम करणारे मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे संबंधित प्राधिकरणाने उद्यान संरक्षित वन आहे आणि पुनर्विकासासाठी घेतलेलं नाही, अशी भूमिका मांडली. हे महत्त्वाचं आहे. संरक्षित वन म्हणजे नुसतं बागेचं आरक्षण नव्हे, त्या जमिनीचा वापर बदलायचा तर वनकायद्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

याशिवाय दोन कवचं आहेत. एक, १९९१ पासूनचे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, जे भरतीच्या पाण्याच्या खाड्यांनाही लागू होतात. दोन, तिवरांबद्दलचे उच्च न्यायालयाचे आदेश. २००५ मध्ये न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीला आणि तिवरांवर भराव घालायला मनाई केली, आणि २०१८ च्या निकालात तर तिवरांचा नाश हा घटनेच्या कलम २१ खालच्या नागरिकांच्या हक्कावर घाला आहे असं म्हटलं.

कागदावर एवढं भक्कम संरक्षण मुंबईत फार थोड्या जागांना आहे. पण माझा अनुभव असा की कागदाला साक्षीदार लागतात. जमीन एका रात्रीत जात नाही. आधी कडेचा एक तुकडा रस्त्यासाठी, मग एक पंपघरासाठी, मग तात्पुरता राडारोडा ठेवायला. या बारीक गोष्टींवर ज्याची रोज नजर पडते तो शेजारीच असतो. त्यामुळे नव्वद_फुटी यांचं म्हणणं मला भावनिक वाटत नाही, कायद्याच्या अंगानेही तेच खरं आहे.


प्रतिसाद : नव्वद_फुटी_रोड

धन्यवाद मॅडम. हे संरक्षित वनाचं आमच्या वस्तीत कुणालाच ठाऊक नाही. मंडळाच्या फळ्यावर मराठी, हिंदी आणि तमीळमध्ये लिहून लावतो. तुम्ही चार ओळी सोप्या भाषेत लिहून द्याल का?


प्रतिसाद : कायद्याचंबोला

नक्की. आज रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.


प्रतिसाद : ऐन_पावसात

शीवकर, काळा किल्ला बघायला जायचं असेल तर सापडतो का? बेस्टच्या आगाराचं नाव काळा किल्ला आहे हे माहीत होतं, पण त्या नावाचा खराच किल्ला उभा आहे हे आत्ता कळलं.


प्रतिसाद : शीवकर

आगारापाशी उतरून कुणालाही विचारा, पोरंसोरंसुद्धा दाखवतात. फार मोठा नाही. काळ्या दगडाचा तट आहे, आणि घरं त्याला अगदी खेटून आहेत, त्यामुळे लांबून दिसत नाही. लोकांची घरं आहेत हे लक्षात ठेवून, विचारून आत जा. शिलालेख वाचलात की तिथून उत्तरेकडे चालत निघा. रस्ता ओलांडून उद्यानात शिरा आणि नदीच्या कडेपर्यंत जा. ज्या जमिनीवरून चाललात ती बरीचशी १७३७ नंतर घडलेली आहे.


प्रतिसाद : नकाशेवेडा

यात भर : भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला गेलात तर फक्त चिखल आणि वास. पूर्ण भरतीला गेलात तर खाडी किती मोठी असायची याचा थोडाफार अंदाज येतो.


प्रतिसाद : पागवाला

शीवकर, तुम्ही जागांची नावं विचारली होती. काल बाबांपाशी बसलो. वय झालंय, पण खाडीचा विषय निघाला की डोकं एकदम साफ चालतं. कुठे होड्या लागायच्या, कुठे पाग टाकायला उथळ पाणी होतं, पावसात कुठला उतार धोक्याचा, सगळं बोलत होते. मी भ्रमणध्वनीवर आवाज भरून घेतलाय. काही जागा तर आजच्या लिंक रोडखाली आहेत, एक उद्यानाच्या फाटकाच्या आसपास असावी असं त्यांच्या वर्णनावरून वाटतं.

असंच लिहून टाकण्याऐवजी त्यांना एकदा तिथे घेऊन जावं म्हणतो. नकाशेवेडा, तुमच्याकडे जुना नकाशा असेल तर तुम्हीही या. बाबा जागा दाखवतील, तुम्ही खुणा करा. निवट्या अजून आहेत का तेही त्यांना बघायचंय.


प्रतिसाद : नकाशेवेडा

काका येत असतील तर मी नक्की येतो. दोन वेगवेगळ्या काळांचे नकाशे मोठ्या कागदावर छापून आणतो, चष्म्याविना वाचता येतील एवढे. अमावास्येनंतरच्या उधाणाला जाऊ, म्हणजे पाणी वरपर्यंत येईल. काकांना चालायला त्रास होत असेल तर मला व्यनि करा, मी गाडी घेऊन कोळीवाड्याच्या तोंडाशी येतो.